पिवळ्या रंगातली जागा

(बोईसर, चौथा मजला. स्वयंपाकघरात भाग्यश्री आणि कोळीवाड्यातून आलेली तिची आई, पुष्पलता. कोरड्या नळात हवा खुळखुळते.)

पुष्पलता : पानी आला बघ. भर पयला, मंग रागव.

भाग्यश्री : रागावले नाही गं आये. आणि पाणी दहा मिनिटांनी येतं, आधी नळ नुसता आवाज करतो.

पुष्पलता : मंग तवर ली ना. उद्या शेवटची तारीक हाय. सगल्या वाड्याला सांगून आले, माजी पोरगी लिवते हरकत.

भाग्यश्री : काय लिहू? सरकारच्या विकास आराखड्यात आपली बोंबील सुकवायची जागा पिवळी केलीय. पिवळी म्हणजे रहिवासी. तिथं घर बांधता येतं. मलाही.

पुष्पलता : तुला?

भाग्यश्री : आपल्या वाट्याचे तीन गुंठे आहेत ना. दोन खोल्या काढायच्या. तुझे जावई हो म्हणालेत, कंपनीत तिथून जातील. दार उघडलं की पायाखाली वाळू हवी गं मला. इथं दार उघडलं की समोरच्यांच्या चपला.

पुष्पलता : कदी बोलली नाय.

भाग्यश्री : तू कधी विचारलंस?

पुष्पलता : तुज्या दोन खोल्यांना कोन नाय बोलतो? पन वाड्यातल्या चंद्रभानच्या पोरानं बिल्डर आनलाय. सात माले बोलतो. वारा अडला का मावरा सुकत नाय बाय, कुजतो. चालीस घरांचे बांबू हायत तिथं.

भाग्यश्री : मग मोजणीवाले आले तेव्हा चाळीस घरांतलं कोणी बोललं नाही?

पुष्पलता : श्रावनात आलते. पावसाल्यात बांबू-दोऱ्या काडून ठेवतो ना आमी. साफ मैदान. त्यांच्यातला एक पोरगा इचारतो, मावशी, ही जागा कशाची? मी बोलले, आता रिकामीच हाय रे, बस, चा घे.

भाग्यश्री : तू?

पुष्पलता : मीच. वर बिस्कुट पन दिला.

भाग्यश्री : आये!

पुष्पलता : हास. सगला वाडा हासला. मंग कोनी बोलेना माज्याशी.

भाग्यश्री : (बादली नळाखाली सरकवते.)

पुष्पलता : जाऊ दे. नको लिवू. तुज्या खोल्या होऊ देत. मी वला मावरा विकीन, बाजारात बसीन.

भाग्यश्री : या गुडघ्यांनी?

पुष्पलता : पोरगी जवल आली तर गुडगे काय करायचे?

भाग्यश्री : रिद्धू, दप्तरातलं पेन आण गं. पेन्सिल नको.

रिद्धी : हे घे. आजी, तुझं नाक लाल झालं.

पुष्पलता : सर्दी हाय बाय.

भाग्यश्री : सांग. बांबू कधी उभे करता?

पुष्पलता : दिवालीच्या आदी. पाऊस येईतवर.

भाग्यश्री : ‘...आठ महिने मासळी सुकवण्यासाठी वापर. पावसाळ्यात बांबू काढून ठेवतात, म्हणून मोजणीच्या वेळी जागा मोकळी दिसली. ती रहिवासी विभागातून वगळावी.’ कर सही.

पुष्पलता : वाट्यात तुजा पन नाव हाय, भागे.

भाग्यश्री : माझी केलीय. बघ, खाली.

पुष्पलता : परत एकदा इचार कर.

भाग्यश्री : कर गं सही.

रिद्धी : मम्मी, मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, आपण आजीकडे राहायला जाणार. कधी जायचं?