चार बाटल्या आणि एक टाळू

लेक : सकाळी सात वाजता बाळानं शी केली. आता सव्वासात झाले. घरात मोठी माणसं तीन.

आई : त्यातलं कामाचं एकच. अहो आजोबा, ड्यूटी लागली.

बाबा : आलो, आलो. दोन वर्षांपूर्वी तापात माझं नाक गेलं, ते तुम्हा दोघींच्या चांगलं पथ्यावर पडलंय.

आई : आम्ही नाक दाबून बदलतो, तुम्ही गाणं म्हणत. नातीलाही तुम्हीच आवडता.

बाबा : झाल्या राणीसरकार चकाचक. घे हिला. आणि त्या चार बाटल्या कचऱ्यात टाक.

लेक : वासाच्या सरावाच्या? का?

बाबा : लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज दोन वेळा हुंगतो. डॉक्टर म्हणाले होते, नेम सोडू नका, कदाचित वास परत येईल. तसूभर फरक नाही. आता पुरे.

लेक : हिची टाळू हुंगायची होती ना तुम्हाला?

बाबा : होती. तुझ्या टाळूचा वास अजून लक्षात आहे. हिचा तू सांग, मी ऐकतो.

लेक : थांबा. ही लवंगेची ना? आई, हुंग बरं.

आई : काही नाही गं. निलगिरीची दे. हीपण तशीच. आतला कापसाचा बोळा पार वाळलाय.

लेक : बाबा, यांत वासाचं तेल कधी घातलं होतं?

बाबा : सराव सुरू केला तेव्हा.

लेक : आणि नंतर?

बाबा : नंतर कशाला? संपल्याचं मला कसं कळणार? तुम्ही नाकवाल्या काय करत होतात?

आई : मला वाटलं, औषध आहे, दुसऱ्यानं हुंगू नये. मी आपली रोज पुसून ठेवायची.

बाबा : म्हणजे इतके दिवस मी नेमानं हवा हुंगतोय.

आई : सकाळ-संध्याकाळ. डोळे मिटून.

(तिघंही हसत सुटतात. बाळ आधी दचकतं, मग तेही खिदळतं.)

लेक : म्हणजे तुम्ही नापास झालाच नाहीत. पेपरच कोरा होता.

आई : मी लवंग ठेचते. ताजी.

बाबा : ठेच. पण आधी पोरगी इकडे दे.

लेक : घ्या. हळू. टाळू इकडे आहे.

आई : येतंय काही?

लेक : बाबा, बोला ना.

बाबा : नाक तिच्या मुठीत आहे. सोडलं की सांगतो.