नळीवरचा आकडा

बंदुका दुरुस्त करणाऱ्या ओर्विलच्या दुकानात मॅरेन रांगेत उभी होती. तिच्या पुढचा क्लेटन काउंटरवर हात आपटत होता.

"काम झालंय ना? मग दे की माझं रिव्हॉल्व्हर!"

"झालंय. काडतुसं बसतात ते चक्र आणि नळी, दोन्ही आधीपेक्षा जाड अशा फॉर्टी-वन मॅग्नम काडतुसाच्या मापाची केली. पण नळीवर अजून जुन्या, बारीक थ्री-फिफ्टी-सेव्हन काडतुसाचाच आकडा आहे. तो खोडून नवा कोरल्याशिवाय देणार नाही."

"नळीला हात लावायचा नाही! बाबांचं नाव आहे तिच्यावर."

"नाव राहू दे. दुसऱ्या बाजूला कोरतो."

"आणि विद्रूप करतो!"

"अरे बाबा, जुनं काडतूस आता यात सैल बसेल. उडवलं की फाटेल, धरणाऱ्याचा हात भाजेल."

"मी काय खुळा आहे? कुठलं काडतूस घालायचं ते मला ठाऊक आहे."

"तुला एकट्याला. घरात आणखी कोण आहे?"

"मुलगी. तिला सांगेन मी."

"कधी?"

"सांगेन सावकाश! उद्या मरतोय का मी? माझीच वस्तू अडवतोस आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस?"

"तुझ्या बाबांनी सांगितलं होतं तुला, यात कुठलं काडतूस चालतं ते?"

"ते कुठून सांगणार? कुरणात उभ्या उभ्या गेले. हे नंतर कपाटात सापडलं."

"मग पहिल्यांदा काडतुसं आणलीस, ती कशी ओळखलीस?"

"कशी म्हणजे? नळीवर लिहिलंय की ढळढळीत!"

ओर्विलने नळीवरच्या जुन्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बारीक कोर," क्लेटन खेकसला. "पण मुलीला वाचता येईल इतकं."