हिच्या हाताची सुरी

…नाही, पण मला एक सांगा, सुरी म्हणजे असतं काय? एक पातं, एक मूठ, झालं! भाजी कापली पाहिजे, बोट कापता कामा नये, याच्यापलीकडे सुरीला काही आयुष्य असतं का? असतं! तुम्हाला सांगतो, असतं, आणि आपल्यापेक्षा भानगडीचं असतं! पातं रुंद की निमुळतं, पोलाद गंजणारं की न गंजणारं, मूठ गोल की अष्टकोनी, टोक हवं की नको… अरे! मला एक सुरी घ्यायची होती हो. एक!

आणि तीही हौस म्हणून नाही. आमच्या हिचं मनगट दुखायला लागलं. आधी म्हणाली, ‘अवघडलंय.’ महिन्याभरानं म्हणाली, ‘जरा ठणकतंय.’ मग एका सकाळी सुरी हातातून सुटली, खण्णकन फरशीवर पडली, आणि ही नुसती उभी राहिली तिच्याकडे बघत. उचललीसुद्धा नाही. मग डॉक्टरीणबाई, मग मनगटाला पट्टा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘घरातल्या सुरीला धार आहे का?’ मी म्हटलं, ‘आहे की!’ ही म्हणाली, ‘लोणी कापते.’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो. चांगली धारदार सुरी आणा, नाहीतर चिरणं विसरा.’

विसरा म्हणे! अहो, कुणाला खायला आवडतं, कुणाला करायला आवडतं, आमच्या हिला चिरायला आवडतं! गाजराच्या चकत्या अशा, की एकाला एक लावून ठेवल्या तर परत गाजर तयार. एकतीस वर्षं मी त्या आवाजानं उठलोय. टकटकटकटक… मग पेपर घेऊन टेबलाशी जाऊन बसायचं, ती तिकडून चिरतेय, मी इकडून वाचतोय, मध्ये चहा. आणि आता? पाकिटातली चिरलेली भाजी! ओली, गार, सगळ्या फोडी रुसल्यासारख्या. सकाळी घर चिडीचूप. खरं सांगू का, मला भीती वाटली. माणूस समोरच बसलंय, चहा पितंय, पण त्याच्यातलं काहीतरी उठून गेलंय असं वाटायला लागलं. म्हटलं, बास. सुरी आणायची. आणि हिला सांगायचं नाही, एकदम पुढ्यात ठेवायची.

लेकीला फोन केला. लेक लांब राहते, पण हुकूम जवळून सोडल्यासारखे सोडते. ‘बाबा, जपानी घे. पण उगाच महागडी घेऊ नकोस हां, आणि स्वस्तातली तर अजिबातच नको. आणि आधी आईला विचार.’ म्हटलं, ‘आईला काय विचारायचं? मी चौतीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात होतो!’ होतोच! नट असो, बोल्ट असो, चारही बाजूंनी उलटासुलटा करून बघितल्याशिवाय माझा शिक्का बसला नाही कशावर. पोलादाचा कडकपणा तर मी झोपेत सांगेन. मला सुरी कळणार नाही?

वही केली. रकाने आखले. वजन, लांबी, कडकपणा, धार किती टिकते, किंमत. तीन आठवडे! ही म्हणायची, ‘काय लिहिताय एवढं?’ मी म्हणायचो, ‘आठवणी.’ ती म्हणायची, ‘मग रकाने कशाला?’

दुकान गल्लीच्या टोकाला, एवढंसं, आणि दुकानदार असा हळू बोलणारा, की सुऱ्या झोपल्यात आणि हा त्यांना उठवायला बघत नाही. मी म्हटलं, ‘घरच्या स्वयंपाकाला जपानी सुरी दाखवा. पैसा वसूल झाला पाहिजे.’ त्यानं पहिली काढली. पात्यावर लाटांची नक्षी, काय देखणी! किंमत ऐकली आणि अशी अलगद परत ठेवली, की कुणी म्हणायला नको मी हात लावला होता. तो म्हणाला, ‘नक्षीनं भाजी जास्त चांगली चिरत नाही, साहेब.’ हा माणूस मला तिथेच आवडला. दुसरी काढली, काळपट, धार अशी की नुसती बघितली तरी कापेल. ‘हिला फक्त वापरली की लगेच धुवून कोरडी करायची, नाहीतर गंज धरते.’ लगेच? आमच्या घरी फोन वाजला की उकळतं दूध सोडून पळतात, सुरी कोण पुसतंय! तिसरी काढली. साधी, ना नक्षी ना नखरा, न गंजणारं पोलाद, कडकपणा साठ. ‘ही सांतोकू. भाजी, मासे, मटण, तिन्हीला एकच. हिच्यात तुम्ही पैसे धारेचे देता, रूपाचे नाही.’

हातात घेतली आणि सांगतो तुम्हाला… बसली! मुठीला एका अंगाला किंचित उंचवटा, बोटं आपोआप त्याच्यावर जाऊन टेकतात. दुकानदारानं एक टोमॅटो दिला. मी सुरी नुसती ठेवली हो, नुसती ठेवली, आणि टोमॅटोचे दोन झाले, टोमॅटोलाही कळलं नाही! म्हटलं, हीच.

तो म्हणाला, ‘जुनी सुरी आणलीये का सोबत?’ म्हटलं, ‘ती कशाला? ती आता निवृत्त.’ तो म्हणाला, ‘ही मूठ उजव्या हाताची आहे आणि धारही उजवीकडून जास्त घासलेली आहे. वापरणार कोण? मिसेस? हात कुठला?’ मी हसलो. अहो, मोठ्यांदा हसलो! ‘उजवा!’ ‘विचारून या हवं तर. पात्यावर नाव कोरलं की मग परत घेत नाही आम्ही.’ मी म्हटलं, ‘भल्या माणसा, एकतीस वर्षांचा संसार आहे! रोज समोर बसतो मी! कोर!’

आणि कोरून घेतलं. काय कोरलं? तिचं माहेरचं लाडाचं नाव. नाही, सांगणार नाही. ते तिच्या माहेरच्यांना, मला आणि आता त्या दुकानदाराला, एवढ्यांनाच ठाऊक. एक सुरी घ्यायची होती हो, त्यात मी नावसुद्धा घालून आलो!

सकाळी पुढ्यात ठेवली. हिनं नाव वाचलं. मग डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, ‘काहीतरीच तुमचं.’ मी मनात शिक्का मारला. पास!

दुसऱ्या दिवशी बघतो तर पाकिटातली भाजी. तिसऱ्या दिवशीही पाकीट. म्हटलं, ‘अगं, सुरी?’ ‘छान आहे हो.’ ‘मग चिरत का नाहीस?’ ‘चिरेन ना.’ चौथ्या दिवशी मी फिरून आलो तर कचऱ्याच्या डब्यात गाजराचे तुकडे. असे वाकडेतिकडे, एक जाड, एक पातळ, कुणी घाबरत घाबरत चिरल्यासारखे! आणि हिच्या बोटाला पट्टी. आता मात्र माझं डोकं फिरलं. साठ कडकपणा, तीन आठवड्यांची वही, आणि माल नापास? म्हटलं, ‘चिर. माझ्यासमोर चिर.’ तिनं गाजर घेतलं, सुरी टेकवली, सुरी सरळ जायचं सोडून कडेला पळायला लागली! म्हटलं, ‘अगं, बोटं त्या उंचवट्यावर ठेव! थांब, सरक, मी दाखवतो.’

आणि मी उठलो. टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो, सुरी घ्यायला हात पुढे केला…

अहो, सुरी तिच्या डाव्या हातात होती!

डाव्या! मी सुरीकडे बघतोय, हाताकडे बघतोय, परत टेबलापलीकडे माझ्या खुर्चीकडे बघतोय. समोरून बघणाऱ्याला तो हात उजवीकडेच दिसतो की हो! माझ्या उजवीकडचा हात, म्हणजे उजवा! एकतीस वर्षं! आणि माझी तरी काय चूक, ही लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं, माझ्यावर बोट उगारते तेही उजव्याच हाताचं! म्हटलं, ‘तू डावखुरी आहेस?’ म्हणाली, ‘होते. शाळेत बाईंनी पट्ट्या मारून मारून उजवं केलं. लिहिणं, जेवणं, सगळं. शाळेत सुरी नव्हती ना, तेवढी राहिली.’

मी म्हटलं, ‘आणि मनगटाचा पट्टा…’ ‘डाव्या हाताला आहे,’ ती म्हणाली. ‘दीड महिना झाला.’ तो मी बघितला होता हो! बघितला होता! मला वाटलं, गाजर दाबून धरून धरून दुखावला असेल!

‘चौतीस वर्षं नटबोल्ट चारही बाजूंनी बघितलेत,’ ती म्हणाली, ‘या बाजूला आज आलात.’ रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मला त्या बोटावरच्या पट्टीचं सुचलं. म्हटलं, ‘आणि हे कसं कापलं?’ तिनं पट्टीचं सुटलेलं टोक परत दाबून बसवलं. मग म्हणाली, ‘तुम्ही फिरायला गेलात की उजव्या हातानं चिरायची सवय करत होते. नाव कोरून आणलंत एवढं, तुम्हाला कसं सांगायचं? एकदा सगळं बदललंय मी, हेही बदलेन. जमेल हळूहळू.’

त्या बाईंनी पट्ट्या मारून जे सोडलं होतं, तेवढंच एक हिचं स्वतःचं होतं, आणि ते बदलायला मी पैसे देऊन अवजार आणलं, वर लाडाचं नाव कोरून! मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. म्हटलं, ‘नाही. काही बदलायचं नाही. सरक.’ आणि गाजर मी चिरलं. वाईट चिरलं. पण सुरी, सांगतो तुम्हाला, माझ्या हातात अशी काय बसली होती…

दुसऱ्या दिवशी जुनी सुरी घेऊन दुकानात. दुकानदारानं ती उजेडात धरली, एकदा फिरवली, आणि म्हणाला, ‘घरात डावखुरं कोण आहे?’ दोन सेकंद! अहो, पातं कुठल्या अंगानं झिजलंय ते बघून! मी तपासणी खात्याचा माणूस, ती सुरी माझ्या घरात, आणि हा परका माणूस मला माझी बायको सांगतोय! वर म्हणाला, ‘जुनं पोलाद चांगलं आहे हिचं, नुसती धार हवी होती.’ दहा मिनिटांत लावून दिली. दहा मिनिटं! माझे तीन आठवडे, माझे रकाने! ‘डाव्या हाताची सांतोकू मागवून ठेवू?’ म्हटलं, ‘मागवा. आली की फोन करा.’

तोवर काय, रोजचा ढीग माझ्याकडे. कांदे मी, कोबी मी, भोपळा मी. ही तिची जुनी सुरी घेऊन लिंबू चिरते, जीवाला हवं तेवढंच, आणि मग माझा पेपर घेऊन माझ्या खुर्चीत बसते, चष्म्यावरून बघते. ‘ही चकती जाड. ही तिरकी. ही परत करा.’ परत कुठे करणार, गाजराला? पण घरात आवाज आलाय हो. तिचा टकटकटक, आणि माझा ठक… ठक… आई गं… ठक.

तिचा पट्टा सुटून दोन महिने झाले. मनगट ठणठणीत आहे, परवा बरणीचं झाकण मला उघडेना ते तिनं उघडलं, डाव्या हातानं. मी काही विचारत नाही, ती काही बोलत नाही.

आणि काल दुकानदाराचा फोन आला. मी कांद्यात, डोळ्यांतून धार लागलेली, म्हणून हिनं उचलला. ‘हो का, आली का डाव्या हाताची? नको हो आता. ती उजवी आहे ना, ती चांगली चाललीय.’ मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘नाही, तक्रार काही नाही… फक्त जरा बडबड करते.’

मला एक सुरी घ्यायची होती हो. एक!