तिसऱ्या भूमिपूजनाचा नारळ

अरे, भूमिपूजनाचं मला काय सांगतोस, एकाच जागेची तीन केलीत मी. पनवेलच्या खाडीकाठी सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधायचंय आणि त्यासाठी खासगी भागीदार हवाय. आमच्या ऑफिसची पद्धत अशी की निविदा निघाली की साहेब आधी नारळ फोडून घेतात, भागीदार मागून शोधायचा. पहिल्या दोन्ही वेळा निविदा भरायला कुणी फिरकलंच नाही.

त्या जागेवर हिरामावशी सुकट वाळवतात. पहिल्या पूजेला त्यांनी विचारलं होतं, "खाडीचं पानी कदी साफ होनार?" दुसऱ्या वेळी विचारलंच नाही. परवा तिसऱ्या वेळी तर मी सांगायच्या आधीच त्यांनी सुकट गोळा करून जागा रिकामी केली होती.

उन्हात तासभर थांबल्यावर साहेबांचा फोन आला, "मला जमत नाही, तूच उरकून टाक."

मी नारळ उचलला.

"भागीदार गावला का?" मावशींनी विचारलं.

"नाही अजून."

"मंग दगडावर कशाला वाया घालवता? मना द्या. कालवनात तरी पडंल."

दिला. इतक्या वर्षांत आमच्या प्रकल्पातून जनतेच्या हाती पडलेली ती पहिली वस्तू.