बाईंनी सांगितलं म्हणून केलेला फोन

जबाब देणार : नाव पासपोर्टवर आहे तेच, घरी भिंगरी म्हणतात. वय चोवीस. शिक्षण बारावी पास, कॉलेज अर्धवट. धंदा : इंग्रजीची शिक्षिका, म्हणजे अजून उमेदवार. राहणार : मावसबहिणीकडे, लाँड्रीच्या वरचा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून लिहून देते की, मला इथली भाषा दुकानात भागेल एवढीच येते, म्हणून जबाब मराठीत माझ्या हाताने लिहीत आहे. ठाण्याने बोलावलेले दुभाषी काका शेजारी बसले आहेत. ते त्याचं भाषांतर करून देणार आहेत.

मी इथे फिरायला आले आणि ताईकडे राहिले. आधी दुसऱ्या देशात हॉटेलच्या काउंटरवर होते, त्याआधी एका फेरीबोटीवर तिकिटं फाडायला. इंग्रजी बोलायला जीभ तिथेच सुटली. इथे इंग्रजी शिकवायचं काम शोधत होते. शाळा पुष्कळ आहेत. फोनवर सगळे गोड बोलतात. समोर गेलं की आधी पासपोर्ट बघतात, मग तोंडाकडे बघतात, आणि जागा भरलेली असते. एका ठिकाणी म्हणाले, आम्हाला जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं हवीत. मी म्हटलं, जन्मल्याबरोबर तर कोणीच बोलत नाही. ते हसले, काम दिलं नाही. घरी ताई म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं तोंड चालवायला?" मी म्हटलं, "गप बसणाऱ्या बाईला शिकवायला कोण ठेवेल गं?" त्यावर भावोजी जे म्हणाले ते

(काका म्हणतात, "अगं, जबाब लिहितेस की माहेरी पत्र? मुद्द्यावर ये." येते.)

माझी राहायची मुदत महिनाअखेर संपते. एखाद्या शाळेने काम दिलं तरच ती वाढते. बसस्टँडमागच्या एका शाळेच्या मॅडमनी, म्हणजे मालकीणबाईंनी, पासपोर्ट न बघता सांगितलं, एक वर्ग घेऊन दाखव. तो वर्ग आज संध्याकाळी होता. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या.

या शाळेत शिकवायची रीत अशी. बाईंनी इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि वर्गाने तो करून दाखवायचा. अर्थ सांगायचा नाही, इथल्या भाषेतला शब्द काढायचा नाही. खिडकी उघडा म्हटलं की उघडायची. केलं म्हणजे कळलं. मला ही रीत फार आवडली, कारण इथल्या भाषेतले शब्द माझ्याकडे तसेही नव्हते.

मॅडमनी दिलेला धडा होता, संकटाच्या वेळी काय करावे. वर्गात एक बेकरीवाला, दोन नर्स, एक शिंपीणबाई आणि एक निवृत्त बसड्रायव्हर होते. ड्रायव्हरना मी मनात आजोबा म्हणते. जावई परदेशी आहे, त्याच्याशी नुसती मान हलवून किती दिवस बोलणार, म्हणून ते शिकायला येतात. मी हुकूम दिले : दिवा बंद करा. टेबलाखाली लपा. फोन घ्या. पोलिसांना बोलवा. "मदत करा, दुसरा मजला" असं म्हणा. फोन ठेवा.

बाकीच्यांनी मूठ कानाला लावली. आजोबांनी खिशातून मोबाइल काढला. मला दिसलं, पण वाटलं, छान, अभिनयाची हौस आहे.

वर्ग इतका रंगला की मी तेच हुकूम पुन्हा सुरू केले. तेवढ्यात, फोन कुठून आला ते शोधत, दार धाडकन उघडून दोन पोलीस आत आले. खोलीत अंधार होता आणि सगळे टेबलाखाली होते. मॅडमसुद्धा. उभी मी एकटीच, म्हणून पहिला हात माझ्याच दंडाला लागला.

ठाण्यात साहेबांनी आजोबांना विचारलं, खोटा फोन का केला? आजोबा म्हणाले, "बाईंनी सांगितलं." मग मध्येच कापला का? "तेही बाईंनीच सांगितलं."

खोट्या फोनबद्दल आजोबांवर गुन्हा लागू शकतो, असं काकांकडून कळलं. मॅडम मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाल्या, "लिही, त्यांनी आपल्या मनाने केलं. वयाकडे बघून समज देतील. शाळेवर आलं तर मी तुला ठेवू शकणार नाही." त्या वाईट नाहीत. घाबरल्या होत्या.

तरी मी असं लिहून देते की आजोबांनी काहीही मनाने केलेलं नाही. हुकूम माझा होता, "खोटं खोटं करा" असं सांगायचं मला सुचलं नाही, आणि सगळ्या वर्गात माझं इंग्रजी पूर्ण कळलेले ते एकटेच आहेत.

काकांनी एवढा भाग साहेबांना सांगितला. साहेबांनी खात्री करायचं ठरवलं आणि आजोबांना स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "गो होम." आजोबा जागचे हलले नाहीत, माझ्याकडे बघत बसले. साहेब पुन्हा म्हणाले, जरा जोरात. आजोबा बसलेलेच. शेवटी मी म्हटलं, "गो होम." ते उठले, टोपी घातली, साहेबांना मान लववली आणि चालू लागले. साहेबांनी तोंडावर हात धरला. आजोबांना कोणी अडवलं नाही.

मॅडमनी पर्स उचलली. मग म्हणाल्या, "सोमवारी येशील तेव्हा सगळ्यांचे मोबाइल आधी टोपलीत गोळा करून घे." मी विचारलं, "सोमवारी म्हणजे?" त्या म्हणाल्या, "सोमवार म्हणजे सोमवार. एवढंही इंग्रजी येत नाही का?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब काकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये दोनदा हसले. तो मी लिहिला तसाच आहे आणि घडलं तसाच आहे. आता सही करते आणि कोणी न सांगता घरी जाते.