चिठ्ठी विरोधात निघाली

शिडी धरायला कोण होतं? एवढंच विचारलं होतं हो मी! तुम्हाला सांगतो, कॉलेजच्या फाटकापासून प्राचार्यांच्या खोलीपर्यंत सगळ्यांना विचारलं. फाटकावरचा म्हणाला ऑफिसात विचार, ऑफिसातली बाई म्हणाली अर्ज कर, आणि प्राचार्य म्हणाले, "हे बघ बाळ, समिती बसली आहे." बसली आहे! महिना झाला, बसलीच आहे! अहो, माझा दादा पडला आणि बसली कोण, तर समिती... तुम्हीपण बसा ना, उभे का? तुमचं चाक काढतोय, हात चालू आहेत, तोंडही चालू राहील. दोन्ही एकदम जमतं मला. शाळा तेवढी जमली नाही.

तर माझा दादा. कॉलेजच्या मोठ्या सभागृहाचा माणूस. खुर्च्या, पडदा, दिवे, माइक, सगळं त्याच्या ताब्यात. अकरा वर्षं! आणि तिथे दर आठवड्याला सार्वजनिक प्रश्नांवर व्याख्यान, महिन्याला एक वादविवाद. पाणी कोणाचं, रस्ता कोणाचा, मत द्यावं का, दिलं तर कोणाला आणि का... पोरं हजेरीपुरती येऊन पेंगायची, हा पठ्ठ्या मात्र माइकच्या बटणांपाशी बसून शब्द न् शब्द ऐकायचा आणि घरी येऊन आमच्यावर काढायचा! ताटं वाढली की सुरू, "आजचा विषय, भाजीत मीठ कमी आहे. बाजूने कोण?" वहिनी म्हणायची, "विरोधात मी. आणि उद्यापासून स्वयंपाकाला तुम्ही!" आई अध्यक्ष. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे निकाल अगदी निःपक्षपाती. आणि दादा पेल्यावर चमचा वाजवणार. टण्ण, चार मिनिटं झाली. टण्ण टण्ण, पाच झाली, खाली बस! मी आपला तापट, दुसऱ्याच मिनिटाला ताटावरून उठायचो. आयुष्यात कधी पाच मिनिटं पुरी बोललो नाही हो. आता बघा, थांबतच नाही... चमचा वाजवणारा गेला.

गेला कसा? 'जबाबदार नागरिक' असं व्याख्यान होतं. त्याचा फलक स्टेजच्या वर, पार छताजवळ बांधायचा. दादाचा नियम, शिडीला माणसं दोन, एक वर, एक खाली. खालच्याला शिंक आली तरी त्याने आधी सांगायचं, मग शिंकायचं! त्या दुपारी दादा वर होता. आणि खाली? शिडी धरायला कोण होतं? एक म्हणतो, होता एकजण, पण त्याला पाहुण्यांचा पुष्पगुच्छ आणायला पिटाळला. कोणी पिटाळला? ते नाही आठवत. दुसरा म्हणतो, नव्हताच कोणी. तिसरा म्हणतो, मी त्या दिवशी रजेवर होतो. अरे, तुला विचारलं का? आणि ऐका, व्याख्यान रद्द नाही झालं हं! शेजारच्या वर्गात घेतलं. पाहुणे लांबून आले होते ना.

आता चॅम्पियन. सगळं कॉलेज त्याला चॅम्पियनच म्हणतं, शेवटच्या वर्षाचा पोरगा, बोलायला लागला की भिंतीसुद्धा माना डोलावतील. रिकाम्या सभागृहात सराव करायचा आणि समोर ऐकायला एकटा दादा. दादा सांगायचा, "माइक खाऊ नकोस रे, त्याच्याशी बोल." मग दादाच्या डब्यातलं खायचा. निम्मा डबा त्याचा! वहिनी दोन पोळ्या जास्त घालायची त्याच्या नावाने.

दादा गेल्यावर घरी आला. आईच्या पायांशी बसला, रडला. वहिनी कोणाशी बोलत नव्हती, त्याच्याशी बोलली. म्हणाली, "आईंना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, मीच म्हटलं होतं आज लवकर या. माझ्यामुळे घाई केली का रे त्यांनी?" हे तिने मलापण नव्हतं सांगितलं. चॅम्पियन म्हणाला, "वहिनी, तुमचा काही दोष नाही. पुढच्या वादविवादाला विषयच तो ठेवलाय, कामाच्या जागी अपघात झाला तर जबाबदारी संस्थेचीच. मी बोलणार आहे. भर सभेत बोलणार आहे!" मला म्हणाला, "तुझा प्रश्नपण विचारतो."

मी त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं. साबणाची अख्खी वडी झिजवली, तरी नखांतलं काळं गेलं नाही. आईला घेतलं, वहिनीला घेतलं. पुढच्या रांगा राखीव, आम्ही पाचवीत. खुर्च्यांच्या पाठीवर दादाने रंगवलेले आकडे. त्याचा पाच नेहमी उलट्या सहासारखा दिसायचा. वहिनी सगळा वेळ त्या पाचावरून बोट फिरवत होती.

चॅम्पियन उठला. टाळ्या! माइकपासून बरोबर चार बोटं अंतर, दादाने शिकवलेलं. आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, माननीय परीक्षक आणि माझ्या सुजाण मित्रांनो, मी विषयाच्या विरोधात बोलायला उभा आहे."

विरोधात?

मला वाटलं, चुकला असेल. माणूस आहे, चुकतो. पण तो चुकत नव्हता हो! पाण्यासारखा वाहत होता. "नियम होता की नव्हता? होता! शिडी मजबूत होती की नव्हती? होती! मग अकरा वर्षांचा अनुभवी माणूस खाली कोणी नसताना वर चढलाच का?" आणि मग आवाज खाली आणून, अगदी हळू, "मित्रांनो, त्यांच्या पत्नीनेच मला सांगितलं, त्या दिवशी त्यांना लवकर घरी जायचं होतं. मी विचारतो, ही घाई कोणाची? संस्थेची, की घराची?"

टाळ्यांनी छत उडायची पाळी! आणि तुम्हाला सांगतो, आमची आईपण टाळ्या वाजवत होती. तिला काय ऐकू येतंय? तिला एवढंच माहीत, हा आपल्याकडून बोलणार आहे. वहिनीने तिचे हात धरले. आई विचारते, "काय म्हणाला गं?" वहिनी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "छान बोलला, आई."

मग मी उभा राहिलो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मागच्या वेळी तुम्ही हॉर्न वाजवलात तेव्हा पाना फेकला होता मी. ओरडलो, "शिडी धरायला कोण होतं?" अध्यक्ष गोड हसले. म्हणाले, "प्रश्न शेवटी. आणि लेखी द्या." लेखी! एक बाई कागद आणि पेन घेऊन आल्या. लिहायला बसलो. शिडीतली वेलांटी पहिली की दुसरी इथेच माझी दोन मिनिटं गेली. लिहिला, पेटीत टाकला, आणि तेवढ्यात टण्ण टण्ण! वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. पहिलं बक्षीस, चॅम्पियन.

बाहेर गाठला त्याला. कॉलरच धरली. तो म्हणतो कसा, "भाऊ, ऐक तर! बाजू आपण ठरवत नाही, चिठ्ठ्या टाकतात. माझी चिठ्ठी विरोधात निघाली. बाजूने निघाली असती ना, तर ह्याच्यापेक्षा भारी बोललो असतो!" मी म्हटलं, "आणि तुला स्वतःला काय वाटतं?" तो गोंधळला हो. खरंच गोंधळला. म्हणाला, "स्वतःला...? त्याला गुण नसतात."

माझा हात आपोआप सुटला. मारणार तरी कोणाला? चिठ्ठीला? आमच्या घरी ज्याला मीठ कमी वाटायचं तोच म्हणायचा, मीठ कमी आहे! मला काय ठाऊक, बाहेर चिठ्ठ्या काढून ठरवतात? आणि दादाला माहीत असणार ना? अकरा वर्षं तिथे बसला होता तो! मला का नाही सांगितलंस रे दादा...

वहिनीची पिशवी राहिली म्हणून परत आत गेलो. मनात होतं, जाता जाता तो माइकच आपटावा. सभागृह रिकामं. भिंतीवर नवी पाटी, 'शिडीवर एकट्याने चढू नये.' आणि त्या पाटीखाली, दादाच्या जागी आलेला नवा माणूस शिडीवर. एकटा! फलक सोडतोय, एक पाय हवेत, शिडी डुगडुगतेय. म्हणाला, "उद्या व्याख्यान आहे, हा आत्ताच्या आत्ता काढ म्हणालेत."

पिशवी खाली ठेवली आणि धरली शिडी. दोन्ही हातांनी. नाकात धूळ गेली, शिंक आली, तर आधी ओरडून सांगितलं, "शिंकतोय रे!" आणि मग शिंकलो. तो सुखरूप उतरला, फलक गुंडाळून निघूनही गेला. त्या कॉलेजसाठी केलेलं माझं हे शेवटचं काम, परत पाऊल नाही टाकलं तिथे.

घ्या, झालं तुमचं चाक. आणि त्या समितीतलं कोणी भेटलं, तर सांगा. दादाच्या दिवसाचं माहीत नाही, पण त्या दिवशी शिडी धरायला कोण होतं, त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. मी होतो. हवं तर लेखी देतो... फक्त वेलांटीचं तेवढं बघून घ्या म्हणावं.