माबेले आणि पाण्याचा धडा

...आणि वर मलाच म्हणते, "मास्तर, एवढा शब्द तू वाच, पुढचं मी वाचते!" आता तुम्हीच सांगा, शिकवायचं कसं? ही माबेले, माझ्या आईच्या वयाची, चर्चच्या पडवीत माझ्या वर्गाला येते, आणि पुस्तकातला पहिलाच धडा पाण्याचा हो! पाण्याला आमच्याकडे म्हणतात अमान्झी, आणि हिच्या सासऱ्याचं नाव मान्झी! झालं! सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावाशी जुळणारा शब्दसुद्धा नाही, म्हणून ही लग्न झाल्यापासून पाण्याला 'ओलं' म्हणते! मी म्हटलं, "अगं आई, म्हातारा जाऊन जमाना झाला!" तर म्हणते कशी, "गेला म्हणून काय झालं? ऐकतो ना!" घ्या!

बरं, या वयात शिकायचं कशाला? तर नवरा जोहान्सबर्गकडच्या खाणीत गेला, तिथंच दगडाखाली सापडला, तिथंच पुरला. हिला त्याची कबर स्वतः शोधायचीय. "दुसऱ्यानं बोट दाखवलं आणि मी परक्याच्याच मातीवर रडले, तर?" ...हसू नका. मीही हसलो नाही.

आणि कबरीवर काय असणार? नवऱ्याचं नाव, पुढं त्याच्या बापाचं! मग मी ओरडणारच ना? "माबेले, मोठ्यानं वाच! ओठ मिटून बसलीस तर तुला येतंय की नाही, मला कळणार कसं?" ही आपली खाली बघते. तुम्हीच सांगा, शिकवायचं कसं?

शेवटी बसनं गेलो एकदाचे. तिथं काय सांगू... कबरींवर लोखंडी पाट्याच पाट्या, सगळ्या सारख्या, गवत गुडघाभर! ही एकेका पाटीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत चाललीय, "जों...गि...लांगा... म्पु...मे...लेलो", कुणाकुणाची लेकरं हो ती! मी मागून, "सावकाश, सावकाश", आणि एका पाटीपाशी आवाज थांबला. मी म्हटलं, "काय अडलं? वाच ना!" वाचेचना. बोट पाटीवर, ओठ मिटलेले, डोळ्यांना धारा...

तेव्हा कळलं मला. बाईला वाचता येत होतं.

खूप रडली. मग म्हणाली, "लेकरा, घसा सुकला रे." मी बाटली पुढं केली, तोंड उघडलं... समोर मातीखाली मान्झीचा मुलगा निजलेला... आणि मी, शिकलासवरलेला मास्तर, काय म्हणालो असेन?

"घे माबेले, ओलं पी."

आता मी कुणाला काय शिकवणार!